गळथूथीचा थेंब

४ जानेवारी, राजकोट

ही खरं तर माझ्या दुकानाची माप-वही. काल घाईत वांकानेरहून निघाले तेव्हा गळ्यात टेप तसाच होता आणि पिशवीत ही. पुढच्या पानांवर गावातल्या निम्म्या बायकांच्या छाती-कंबरेची गुपितं आहेत, मागची पानं कोरी आहेत. हॉस्पिटलच्या बाकावर बसून नुसतं नाक पुसण्यापेक्षा लिहिलेलं बरं. शिवाय एक गोष्ट अशी आहे, जी माणसांना सांगायची माझी छाती नाही.

काल सकाळी माझ्या धाकट्या भावाला, विपुलला, मुलगी झाली. त्याच्या बायकोचं, जलपाचं, सिझर करावं लागलं. विपुलला मी आईच्या मागे वाढवलं, त्यामुळे तो बाप झाल्यावर मी आजी झाले की फई, हे माझं मलाच कळेना. (बापाची बहीण ती फई. बाळाचं नाव ठेवायचा हक्क तिचा, बापाचासुद्धा नाही.)

आता ती गोष्ट. आमच्याकडे बाळाच्या तोंडात पहिला गोड थेंब घालतात, गुळाच्या पाण्याचा. त्याला गळथूथी म्हणतात. जो ती देतो त्याचा स्वभाव बाळात उतरतो, म्हणून घरातलं सगळ्यात गुणी, शांत माणूस शोधून आणतात. मला आजवर कुणी बोलावलं नाही. सासरी आठ महिने टिकलेली, तोंडाने फटकळ बाई, हिची गळथूथी कोण घेणार?

भिंतीवर मोठा कागद चिकटवला होता, बाळाला आईच्या दुधाशिवाय काही देऊ नका. नर्सनेही बजावलं होतं. तरी मी घरून डबीत गूळ-पाणी नेलं होतं, तुपाचा थेंब घालून. विपुल औषधं आणायला गेला, जलपा भुलीत झोपलेली. मी स्वच्छ कापसाची वात बुडवली आणि बाळाच्या ओठांना लावली. तिने काय चाटली! जीभ बाहेर काढून मटामट. मला वाटलं, या जगात एक तरी माणूस माझ्यासारखं होणार.

तिन्हीसांजेला तिने हिरवं ओकलं. मेथीच्या पाण्यासारखं हिरवं. मग पुन्हा. मग पुन्हा. लगेच गाडी करून तिला राजकोटला आणलं.

वांकानेरची नर्स त्या सकाळपासूनच म्हणत होती, लाळ फार गळतेय, पोट वरच्या बाजूने टम्म वाटतंय. सातव्या महिन्यात सोनोग्राफीवालाही म्हणाला होता, आत पाणी जास्त आहे, राजकोटला मोठी तपासणी करून घ्या. मी दोनदा आठवण केली, पण ते राहून गेलं. बायकांच्या पोटात पाणी कमी-जास्त असायचंच. पण ओकली ती माझ्या गुळानंतर. मला तेवढं कळतं.

५ जानेवारी

ऑपरेशन झालं. चार तास. दोन किलोचा जीव, त्याला चार तास.

डॉक्टर वसावडा बाहेर आले. उंच, काटकुळे, दाढी वाढलेली. म्हणाले, आतडं एका ठिकाणी बंद होतं. वरचा भाग तुंबून अंगठ्याएवढा झालेला आणि खालचा रिकामा राहून नाडीसारखा बारीक. मधला खराब तुकडा काढला आणि दोन टोकं जोडली.

विपुल नुसती मान हलवत होता. माझ्या डोक्यात मात्र दुसरंच चाललं. मी विचारलं, "साहेब, रुंद तोंड अरुंदाला जोडलंत कसं? चुण्या घातल्या?"

विपुलने माझा हात दाबला. डॉक्टर थांबले. "तुम्ही शिवणकाम करता का, बेन?"

"तीस वर्षं."

"चुण्या नाही चालत आत. अरुंद टोकाला तिरपा काप दिला, म्हणजे तोंड मोठं होतं."

"हां. मग बसलं असेल बरोबर," मी म्हटलं. बाहीचं असंच करतात. या माणसावर माझा विश्वास बसला.

ते म्हणाले, हे आईच्या पोटातूनच आलेलं असतं. असेल बाई. पण माझ्या थेंबाआधी ती ओकली नव्हती ना.

८ जानेवारी

आज छठी, बाळाचा सहावा दिवस. आज पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवायची, विधाता देवी येऊन बाळाचं नशीब लिहून जाते. आजच फईने झबलं-टोपडं घेऊन यायचं आणि नाव ठेवायचं.

बाळ काचेच्या खोलीत दिव्याखाली. नाकात नळी, दंडात नळी, पोटावर पट्टी. पलंगाच्या कार्डावर लिहिलंय "जलपाचं बाळ". तिथे आई आणि आणखी एकच बाई जाऊ शकते. जलपाही आता इथेच आहे, पण टाक्यांमुळे तिला वाकता येत नाही, म्हणून दुसरी बाई मी.

जलपाने सकाळी माझ्याकडे या वहीतलं एक कोरं पान मागितलं. घडी घालून मॅकवान सिस्टरकडे दिलं. सिस्टर आणंदकडची, ख्रिस्ती, गळ्यात क्रूस. वाटलं, आता ही झापणार. ती म्हणाली, "पलंगावर काही ठेवता येणार नाही, पण फाइलीत ठेवते. तुमच्या देवीला फाइल वाचता येते ना?"

दुपारी विपुल म्हणाला, "बेन, कुंभ रास आलीय. ग, श, स. काय ठरवलंस?"

"घरी येऊ दे. मग."

"छठी आज आहे."

"घरी येऊ दे म्हटलं ना!"

तो गेला आणि तासाभराने पिशवी घेऊन आला. आत साडी. लाल बांधणी. नाव ठेवल्यावर फईला साडी द्यायची असते, ती दिली नाही म्हणून मी रुसलेय असं त्याला वाटलं! बायकांचे ब्लाऊज शिवून शिवून माझी हाडं झिजली आणि मी साडीसाठी रुसेन? पिशवी त्याच्या अंगावर भिरकावली. मग वाईट वाटलं. त्याचेही डोळे सुजलेत.

ज्या हाताने असा घात केला त्या हाताच्या बाईने नाव कसं ठेवायचं, हे त्याला काय सांगू? झबलंही शिवायला घेतलं नाही.

११ जानेवारी

नाकातल्या नळीतून पोटातलं पाणी एका पिशवीत उतरतं. सगळा खेळ त्या रंगाचा. आतडं चालू झालं की हिरवा रंग फिकट होतो. सिस्टर "गडद" आणि "फिकट" एवढंच लिहितात. मी म्हटलं, असं चालत नाही, रिळांच्या दुकानात हिरव्याच्या बावीस छटा असतात. आता मी तिला सांगते आणि ती हसत लिहिते. सहा तारखेला मेंदी. आठला पोपटी. काल मूगडाळ. आज लिंबू, मग जवळजवळ पाणी!

डॉक्टर म्हणाले, सुरू करा. तीन तासांनी दोन मिलीलीटर. जलपाने वाटीत दूध काढलं, सिस्टरने नळीतून सोडलं. दोन मिली म्हणजे माझ्या मशीनला एका वेळी तेल घालते तेवढंही नाही. आम्ही दोघी काचेला नाक लावून बघत होतो. जलपाने माझ्याकडे पाहिलं, मी नजर वळवली.

१४ जानेवारी

उत्तरायण. सगळं राजकोट गच्चीवर. पतंग, पिपाण्या, लाउडस्पीकर. काचेच्या खोलीतही "काप्योऽऽ छे!" ऐकू येतंय. विपुलने चिक्की आणि हिरवे हरभरे आणले. कुणी हात लावला नाही.

कालपासून पोट पुन्हा फुगलंय. त्यावरची कातडी चकाकते, तलम रेशमासारखी. सकाळी पिशवीत मेंदी. थेट मेंदी, मधली एकही छटा नाही. दूध बंद केलं.

मॅकवान सिस्टर जलपाला म्हणाली, "बाळ पीत नसलं तरी तू दूध काढत राहा. थांबलीस तर आटेल."

"कुणासाठी काढू?" जलपा म्हणाली.

"ही काय, समोर झोपलीय. तिला भूक लागेल तेव्हा तू काय, दुकानातून आणणार?"

जलपा वाटी घेऊन कोपऱ्यात बसली. मी मागून पाठ चोळली. तिची पाठ किती लहान आहे. लग्नाचा ब्लाऊज मीच शिवला होता, पाठ साडेबारा इंच. तेव्हा हसत होती, म्हणत होती, मोटीबेन, घट्ट करा, मी जाड होणार नाही. आज दोन तास बसून तळ झाकेल एवढंच दूध आलं.

१६ जानेवारी

नाकातून औषध घालून फोटो काढले. जोड उघडा आहे, गळत नाही. पण पुढे काही सरकत नाही. वरचा भाग एवढे महिने फुगून फुगून थकलाय, त्याला ढकलायची ताकद नाही, असं वसावडा म्हणाले. गुरुवारपर्यंत वाट बघू. नाहीतर पुन्हा उघडावं लागेल.

विपुलने विचारलं, "दुसऱ्यांदा झेपेल तिला?"

डॉक्टरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

जलपा दिवसभर माझ्याकडे बघते. मी बघितलं की खाली बघते. काहीतरी बोलायला तोंड उघडते आणि "चहा घेणार, मोटीबेन?" असं विचारते. तिला कळलंय. डबी तिने पाहिली असणार, माझ्याच पिशवीत होती. ती चांगल्या घरची पोर आहे, बोलून दाखवत नाही. तिने दोन शिव्या दिल्या तर मला बरं वाटेल.

१८ जानेवारी

आज सांगून टाकलं. जलपाला नाही, डॉक्टरांना. उद्या पुन्हा पोट उघडायचं तर आत काय शोधायचं हे त्यांना माहीत हवं.

ते जिन्यात भेटले. मी म्हटलं, "साहेब, पहिल्या वेळी उघडलंत तेव्हा गूळ दिसला का?"

"काय दिसला?"

"गूळ. मी घातला होता. पहिल्या दिवशी." आणि डबी, वात, तूप, सगळं सांगितलं. पायरीवर उभी राहून लहान पोरीसारखी रडले. येणारे-जाणारे बघत होते.

डॉक्टर आधी चिडले. "भिंतीवर लिहिलेलं वाचता येतं ना तुम्हाला? नवीन बाळाच्या तोंडात असलं काही घालायचं नसतं. जंतू जातात, दुसरेही धोके असतात. पुन्हा कुणाच्याही बाळाला देऊ नका, आणि वांकानेरमध्ये कुणी देत असेल तर तुम्ही हात धरायचा. कबूल?"

"कबूल."

मग ते पायरीवर बसले, मलाही बसायला सांगितलं. "आता दुसरं ऐका. ते आतडं तीन-चार महिन्यांपूर्वीच बंद झालं होतं. बाळ आत पाणी गिळत होतं, ते पुढे जात नव्हतं, म्हणून आईच्या पोटात पाणी वाढलं. तुमचा थेंब नसता तरी ती त्याच संध्याकाळी ओकली असती. शिवण उसवली तर ज्याने शेवटचं बटण लावलं त्याचा दोष असतो का?"

मी नाही म्हटलं. पण मला कळतं ना. डॉक्टर भला माणूस आहे. बाई जिन्यात रडतेय म्हटल्यावर तो आणखी काय बोलणार?

१९ जानेवारी

शी झाली!

अकरा वाजता. मॅकवान सिस्टर लंगोट हातात घेऊन अशी बाहेर आली की आरतीचं ताट असावं. "बघा, बघा, फईबा, छटा सांगा!"

मी चष्मा लावला. हिरवट पिवळी, मोहरीच्या तेलासारखी, बोटभर. "मोहरी," मी म्हटलं, आणि तो लंगोट जलपापुढे धरला. जलपा भिंतीला टेकून खाली बसली आणि हसत सुटली, टाके दुखतात म्हणून पोट धरून हसत होती. शेजारच्या बाळाची आई, पलीकडच्या जुळ्यांची आजी, सगळ्या येऊन लंगोट बघून गेल्या. विपुलने उत्तरायणाची शिळी चिक्की सगळ्यांना वाटली. पोराच्या दहावीच्या निकालालाही कुणी एवढं नाचत नाही.

वसावडांनी पोट दाबून पाहिलं आणि म्हणाले, "शस्त्रक्रिया नको. उद्या एक मिलीने सुरू करू. झिरपू द्या हळूहळू."

आज मी बाजारातून मऊ मलमल आणली.

२५ जानेवारी

एक, दोन, पाच, आठ, बारा. आज नळीतून पंधरा मिली आणि पोट मऊ. पिशवी काढून टाकली.

मलमलीचं झबलं शिवलं, खांद्यापासून खाली सगळं उघडं, बाजूने नाड्या. म्हणजे नळ्या न हलवता घालता येतं. आता पलीकडच्या जुळ्यांची आजी म्हणते, माझ्याही पोरांना दोन दे. शिवतेय. इथल्या लाँड्रीत एक जुनं मशीन आहे, त्याला तेल घालून घेतलं.

पण नवीनच काहीतरी उपटलंय. नळी काढून तोंडाने पाजायचं तर ती तोंडच उघडत नाही. जलपाने जवळ घेतलं की मान फिरवते. बोंडलं, चमचा, बोट, काहीही ओठाजवळ आलं की ओकारी काढते, लालबुंद होते. मॅकवान सिस्टर म्हणाली, "बिचारीच्या तोंडाशी आजवर जे आलं ते त्रास द्यायलाच आलं. तिला कसं कळावं की याच वाटेने काही चांगलंही येतं? तोंडाने प्यायल्याशिवाय डॉक्टर घरी सोडणार नाहीत."

२८ जानेवारी

जमेल तसं लिहिते.

तीन दिवस सगळे प्रयत्न झाले. आज सकाळी सिस्टरने कापसाची काडी आणली. जलपाच्या दुधात बुडवायची आणि ओठांना नुसती लावायची, आत नाही घालायची. चव कळली तर कळली. सिस्टरने लावली, हिने मान फिरवली. जलपाने लावली, हिने ओठ असे घट्ट मिटले की शिवण घातल्यासारखे. जलपा रडायला लागली. मग तिने काडी माझ्यापुढे धरली.

"मोटीबेन, तुम्ही द्या."

मी दोन पावलं मागे सरले. "मी नाही. माझ्या हाताने नको."

"का नको?"

"नको म्हटलं ना. का नको, ते तुला माहीत आहे."

"हो, माहीत आहे," जलपा म्हणाली. "मी जागी होते."

सिस्टर शहाणी, ती दुसऱ्या पलंगाकडे काहीतरी शोधायला गेली.

"भूल उतरत होती," जलपा म्हणाली. "डोळे उघडत नव्हते नीट, पण दिसत होतं. तुम्ही वात लावलीत आणि ती मटामट चाटत होती. तुम्ही हसत होतात. मोटीबेन, तुम्हाला एवढं हसताना मी लग्नानंतर कधी पाहिलं नव्हतं."

"मग बोलली का नाहीस? पंचवीस दिवस मला..."

"मी कुठल्या तोंडाने बोलणार? राजकोटची तपासणी मी टाळली. तुम्ही दोनदा आठवण केलीत, मी म्हटलं माझ्या भावाचं लग्न होऊ दे. मला वाटायचं, तुम्ही मनात मला दोष देताय. माझ्याकडे बघतसुद्धा नव्हतात."

म्हणजे दोघी एकमेकींना घाबरून चहा पीत होतो! मी कपाळावर हात मारला. म्हटलं, "अगं वेडे, वसावडा मला जिन्यात म्हणाले, हे आधीच झालेलं होतं. तपासणी केली असतीस तर ती राजकोटला जन्मली असती, एवढंच."

"ते तुम्ही माझ्या बाबतीत मानता, मग स्वतःच्या का नाही?"

तीस वर्षांत माझंच माप मला लावणारी ही पहिली.

मग ती हळू बोलली. "तिला उपाशी ठेवलं होतं ना, तेव्हा मी रोज तेच आठवायचे. वाटायचं, काही झालंच तर निदान एकदा तिने गोड चाखलंय. माझं दूध नाही मिळालं, पण तिच्या फईने तिला एकदा गोड दिलंय. त्यावर मी दिवस काढले, मोटीबेन. घ्या ही काडी."

मी हात दोनदा धुतले. काडी दुधात बुडवली. पोरगी माझ्याकडे बघत होती, कपाळाला आठ्या घालून, अगदी माझ्यासारख्या. मी काडी ओठाच्या कोपऱ्याला टेकवली. तिने मान फिरवली.

मी काही केलं नाही. तशीच थांबले. नवीन कापडाला ओढत नाहीत, ते आपणहून सुईखाली येऊ द्यावं लागतं. तोंडाने म्हटलं, "राहू दे. घाई नाही. मी इथेच आहे." किती वेळ गेला कोण जाणे, हाताला मुंग्या आल्या.

मग ओठांतून जिभेचं टोक बाहेर आलं. गुलाबी, एवढंसं. काडीला लागलं. आत गेलं. पुन्हा बाहेर आलं.

आणि मग मटामट.

"सिस्टर!" जलपा ओरडली. सिस्टर धावत आली आणि क्रूस मुठीत धरून उभी राहिली. मी दुसरा थेंब दिला, तिसरा जलपाने दिला. चौथ्याला पोरीने काडी चोखायला तोंड उघडलं, तेव्हा सिस्टर म्हणाली, "आता काडी ठेवा. आईकडे द्या."

मी तिला जलपाच्या छातीशी ठेवलं. ठेवताना कानाशी तोंड नेलं आणि नाव सांगितलं. ना पिंपळाचं पान, ना झोळी, ना पाळणा. पण फईनेच सांगितलं.

बाहेर येऊन विपुलला म्हटलं, "सरवाणी." कोरड्या दिसणाऱ्या विहिरीच्या तळातून जे पाणी बारीक बारीक झिरपत येतं, त्याला आमच्याकडे सरवाणी म्हणतात.

विपुल म्हणाला, "आणि साडी?"

"आण ती," मी म्हटलं. "ब्लाऊजपीस आहे ना तिच्यात?"

७ फेब्रुवारी, वांकानेर

काल घरी आलो. ती दर दोन-अडीच तासांनी पिते आणि उशीर झाला तर अख्ख्या गल्लीला जाब विचारते. शेजारच्या मंजुलाकाकी बघायला आल्या होत्या. म्हणाल्या, "बाई गं, काय हा आवाज! गळथूथी कोणी दिली हिला?" जलपाने माझ्याकडे बघितलं आणि पदर तोंडाला लावला. मी काकींना सांगितलं, आता कुणाला द्यायची नसते, डॉक्टरांना शब्द दिलाय.

निघताना मॅकवान सिस्टरने फाइलीतला तो घडीचा कागद परत दिला, छठीच्या दिवशीचा. जलपाने घरी येऊन घाबरत घाबरत उघडला. कोराच होता. तिचा चेहरा पडला.

मी म्हटलं, "आण इकडे. बरं झालं, मला जागा हवीच होती." गळ्यातला टेप काढला आणि पोरीला पाटावर निजवलं. आता तो कागद वहीत परत चिकटवलाय, पुढच्या बाजूला, गिऱ्हाइकांच्या पानांत.

नाव : सरवाणी विपुलभाई.
छाती : साडेतेरा इंच.
बाही : पाच.
पोट : चौदा. मऊ.
सूचना : आत शिवणीत कापड भरपूर सोडणे. वाढतं अंग आहे.